लहान संशोधन प्रकल्प: 'विषय लहान करा' म्हणजे नक्की काय करायचं?

हजेरीक्रमांक_शेवटचा

नमस्कार मंडळी,

मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात चौघांच्या गटाने मिळून एक छोटा संशोधन प्रकल्प करायचाय, हातात आठ आठवडे आहेत. आम्ही विषय ठरवलाय: 'मोबाईलच्या अतिवापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर, एकाग्रतेवर व शैक्षणिक प्रगतीवर होणारा परिणाम'. गूगल फॉर्म जवळपास तयार आहे, 38 प्रश्न झालेत. सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर दोनशे-तीनशे उत्तरं सहज येतील असा अंदाज आहे.

मार्गदर्शक मॅडमनी मथळा वाचला आणि म्हणाल्या, "विषय लहान करा, मग या." आम्ही 'शैक्षणिक प्रगती' काढून टाकली, तरी त्या तेच म्हणतात. आता अजून काय काढू?

शिवाय हे पण सांगा:
सॅम्पल किती घ्यावं? कुणी 30 म्हणतं, कुणी 100, कुणी 384.
एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिकायलाच लागेल का?
आणि शेवटी काही संबंधच सापडला नाही तर? गुण जातात का?

गटातले बाकीचे तिघे म्हणताहेत फॉर्म पाठवून टाकू, पुढचं पुढे बघू. मी एकटाच अडून बसलोय, त्यामुळे लवकर उत्तर दिलंत तर उपकार होतील.

मध्यक

अडून बसलायस ते उत्तम केलंस. फॉर्म पाठवू नका. एकदा उत्तरं आली की त्या उत्तरांच्या मोहापायी प्रश्न बदलायची हिंमत कुणाची होत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवतो. दरवर्षी असे प्रकल्प माझ्याकडे येतात आणि विषय लहान झालाय की नाही हे बघायची माझी कसोटी एकच आहे. कोरा कागद घ्या. अहवालात शेवटी जो मुख्य तक्ता येणार आहे तो आत्ताच आखा. आकडे नकोत, नुसते रकाने. एक ओळ म्हणजे कोण: एक माणूस, की एका माणसाची एक सकाळ? प्रत्येक रकान्यात काय येणार, आणि कोणत्या एककात? एवढं आखता आलं तर तुमच्याकडे विषय आहे. नाही आलं तर तुमच्याकडे फक्त मथळा आहे, मग त्यातले शब्द कितीही खोडा.

तुमच्या मथळ्यावर करून बघ. 'एकाग्रता' असा रकाना आखलास तर त्याखाली एकक काय लिहिशील? 'अतिवापर' किती तासांपासून सुरू होतो? आणि 'परिणाम' दाखवणारा रकाना कुठला? एकाच फॉर्ममध्ये एकाच वेळी मोबाईलचे तास आणि झोपेचे तास विचारले तर फार तर एवढं कळेल की दोन्ही गोष्टी सोबत आढळतात. मोबाईलमुळे झोप उडते, की झोप येत नाही म्हणून माणूस मोबाईल हातात घेतो, की उद्या परीक्षा आहे म्हणून दोन्ही होतं, हे त्या तक्त्यातून जन्मात सांगता येणार नाही.

आता ते 38 प्रश्न. त्यातल्या कुठल्याही दोन प्रश्नांची जोडी लावून संबंध तपासायचा म्हटलं तर 703 जोड्या होतात. समजा त्यातली एकही जोडी प्रत्यक्षात एकमेकींशी संबंधित नाही. तरी 5 टक्क्यांच्या नेहमीच्या पातळीला सरासरी 35 जोड्या निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट', म्हणजे खरा संबंध असल्यासारख्या, म्हणून बाहेर पडतील. मग त्यातल्या चार चमकदार निवडायच्या आणि त्यांच्यावर निष्कर्ष बांधायचे. असे अहवाल मी इतके वाचलेत की पहिला रंगीत पाय चार्ट बघूनच पुढचं सांगू शकतो.

तुम्ही मोबाईल ते झोप आणि झोप ते एकाग्रता अशा दोन साखळ्या एकत्र ओढताय. एक सोडा. मी तुमच्या जागी असतो तर दुसरी धरली असती, कारण ती हाताने मोजता येते. प्रश्न असा: 'त्याच माणसाची, कमी झोपेच्या रात्रीनंतरच्या सकाळी आणि जास्त झोपेच्या रात्रीनंतरच्या सकाळी, प्रतिक्रिया-वेळ वेगळी असते का?' एकाग्रता वगैरे भारदस्त शब्द विसरा. एकाने वरून सोडलेली पट्टी दुसऱ्याने दोन बोटांत पकडायची, किती खाली गेल्यावर पकडली ते वाचायचं. शाळेत केलं असेल.

पण नीट करायचं तर असं. बसलेल्या माणसाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकलेला, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली फट प्रत्येकाची सारखी हवी, म्हणून अडीच सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून ठेवा, तो फटीत धरून बघायचा आणि काढून घ्यायचा. पट्टीचं शून्य अंगठ्याच्या वरच्या कडेशी. सोडणाऱ्याने 'रेडी' म्हटल्यावर एक ते पाच सेकंदांत कधीही सोडायची, आणि किती सेकंदांनी सोडायची हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं असावं, नाहीतर माणसाच्या हाताला ताल लागतो आणि समोरचा तो ताल पकडतो. पकडल्यावर पुन्हा अंगठ्याच्या वरच्या कडेशीच वाचायचं. पहिल्या तीन वेळा सरावाच्या, त्या मोजायच्या नाहीत, आणि हेही आधीच लिहून ठेवायचं. पुढच्या दहांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, घ्यायचा. (माझं नाव मध्यक आहे म्हणून नव्हे. दहात एकदा लक्ष भलतीकडे गेलं तर सरासरी वाहवत जाते, मध्यक जागचा हलत नाही.)

अंतरावरून वेळ काढायचं सूत्र अकरावीतलंच: अंतराची दुप्पट भागिले 9.8, त्याचं वर्गमूळ. अंतर मीटरमध्ये. पट्टी 15 सेंटिमीटरला पकडली तर 0.175 सेकंद, 20 ला 0.202, 30 ला 0.247. यातून दोन गोष्टी कळतात. एक, 20 सेंटिमीटरच्या आसपास वाचनात एक सेंटिमीटरचा घोळ झाला तर वेळेत फक्त 5 मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे साधन दिसतं तेवढं गावठी नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नेहमीची 30 सेंटिमीटरची पट्टी पाव सेकंदातच संपते. झोपाळू माणसाच्या हातून ती सरळ खाली पडणार. मग विद्यार्थी काय करतात? 'चुकली, पुन्हा घे.' आणि नेमकी जी वाचनं तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणार होती ती कागदावर येतच नाहीत! लांब पट्टी वापरा. 50 सेंटिमीटरला 0.319 सेकंद होतात, मीटरपट्टीत सहसा सगळे सापडतात. तरीही सुटली तर 'सुटली' असंच लिहायचं, आणि सुटलेल्यांचा वेगळा रकाना ठेवायचा.

प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करायची, हा यातला कणा. माणसामाणसांत प्रतिक्रिया-वेळेचा मुळातच इतका फरक असतो की वीस कमी झोपणारे आणि वीस जास्त झोपणारे अशी तुलना केलीत तर झोपेचा फरक त्या गोंगाटात बुडून जाईल. त्यापेक्षा वीसच जण घ्या, प्रत्येकाच्या दोन आठवड्यांत मिळून पाच-सहा सकाळी घ्या, ठरलेल्या वेळेला. कुणाला कमी झोप म्हणून सांगायचं नाही बरं का, जशी झोप होते तशी होऊ द्या. पहिली सकाळ हिशेबात धरू नका, सगळेच तेव्हा नवखे असतात आणि सरावाने सुधारतात. आणि दोन आठवडे असे निवडा की शेवटाला चाचणी परीक्षा नको. नाहीतर सराव वाढत जाणार आणि झोप घटत जाणार, दोन्ही एकमेकांत मिसळून बसतील.

अजून एक. पट्टी सोडणाऱ्याला समोरचा किती झोपलाय हे माहीत नसावं. बर्लिनमध्ये क्लेव्हर हान्स नावाचा एक घोडा होता, गणितं सोडवून खुराने उत्तर द्यायचा. मालक फॉन ऑस्टेन लबाड नव्हता, त्याचा खरोखर विश्वास होता. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की घोड्याचं गणित संपतं. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा तेवढंच वाचायचा. तुमच्या चौघांतल्या एकाने झोपेच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत पट्टी सोडावी. चार जणांचा गट आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करा.

सॅम्पल आणि गुणांबद्दल नंतर लिहितो, तास आहे.

तळटीप

मध्यक सरांनी मापनाचं सांगितलंच आहे. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझा त्रास वेगळा: मुलं वाचन शेवटी करतात, 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणाची पानं भरायला. क्रम उलटा करा. फॉर्म, पट्टी, काहीही करण्याआधी तुमच्या प्रश्नाच्या जवळचे तीन-चार शोधनिबंध घ्या आणि त्यातलं फक्त 'पद्धत' हे प्रकरण वाचा. त्यांनी झोप कशी मोजली? कुणाला वगळलं? शेवटच्या परिच्छेदांत त्यांनीच आपल्या अभ्यासाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात तुमच्यासारख्यांना तयार प्रश्न सापडतात. गूगल स्कॉलरवर एक चांगला निबंध मिळाला की त्याच्याखालच्या 'साइटेड बाय' वर टिचकी मारा, त्यानंतर त्याचा आधार घेऊन कुणी काय केलं ते समोर येतं.

झोपेच्या प्रतीसाठी पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स ही प्रश्नावली 1989 पासून वापरात आहे. स्वतःचे 38 प्रश्न रचण्याआधी असं काही आहे का ते बघायचं असतं. पण ती गेल्या महिन्याभराच्या झोपेबद्दल विचारते, त्यामुळे पट्टीच्या प्रयोगात एकेका रात्रीसाठी तिचा उपयोग नाही.

वाचताना वही दोन भागांत करा: डावीकडे लेखकाचं वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांकासह, उजवीकडे तुमचं म्हणणं. दोन महिन्यांनी कुठलं वाक्य कुणाचं हे आठवत नाही आणि मग वाङ्मयचौर्याच्या तपासणीत माणूस सापडतो. आणि हल्ली चॅटबॉटकडून संदर्भयादी मागून घेतात. त्यात छान नावांचे, अस्तित्वातच नसलेले निबंध निघतात. जो निबंध तुम्ही स्वतः उघडून बघितलेला नाही तो यादीत घालायचा नाही, एवढं पाळा.

ऐकणारी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. पट्टी वगैरे ठीक, पण मूळ कुतूहल मोबाईलचं होतं ना? ते कुठे गेलं? मोजता येतं तेच विचारायचं असं ठरवलं तर मानसशास्त्रातलं अर्धं अंगण रिकामं राहील.

मी समाजशास्त्राची, गुणात्मक पद्धतीने काम करते. सहा-सात जणांशी नीट बोला. 'रात्री फोन बाजूला ठेवता त्या क्षणापर्यंत काल काय काय झालं ते सांगा' एवढा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. 'म्हणजे कंटाळा येतो म्हणून बघता का?' असं तुम्ही सुचवलंत की समोरचा 'हो' म्हणून मोकळा होतो.

फक्त ही वाट सोपी आहे असं समजू नका. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करायला चार-पाच तास सहज जातात, त्यानंतर संकेतन, म्हणजे कोडिंग: बोलण्यातले मुद्दे वेगळे काढून त्यांना नावं देणं. आणि सर, तुमचा रिकामा तक्ता मला इथे चालणार नाही. काय सापडणार हे आधी माहीत असेल तर मुलाखत कशाला घ्यायची?

रातकिडा

मागच्याच वर्षी यातून बाहेर पडलोय, म्हणून एक बारकी पण जीवघेणी गोष्ट. स्प्रेडशीटमध्ये झोपल्याची वेळ 23:45 आणि उठल्याची 6:30 घातली आणि वजाबाकी केली की उणे उत्तर येतं, कारण मध्ये मध्यरात्र पडते. तारखेसकट वेळ लिहा, नाहीतर वजाबाकीला 'मॉड' चं सूत्र लावा, भाजक 1. आणि लोक 'बाराला झोपलो' म्हणतात ते 12:00 असं घातलं की दुपार होते! आमच्या गटात एक जण कागदोपत्री साडेअठरा तास झोपायचा.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत काढून तिच्यावर काम करायचं. चौघांनी एकच शीट उघडून 'साफसफाई' सुरू केली की मग देवच वाचवो.

हजेरीक्रमांक_शेवटचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघं बसलो आणि खरंच तक्ता आखायला घेतला. दहा मिनिटांत भांडण झालं, कारण प्रत्येकाच्या डोक्यात 'एक ओळ म्हणजे काय' हेच वेगळं होतं. शेवटी 'एका माणसाची एक सकाळ' यावर एकमत झालं. रकाने: सांकेतिक क्रमांक, तारीख, झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ, झोपेची मिनिटं, पट्टीची दहा वाचनं, मध्यक, सुटल्याची संख्या.

ऐकणारी ताई, मुलाखतींचं मला वैयक्तिक फार आवडलं, पण गटातले दोघं म्हणाले आठ आठवड्यांत झेपणार नाही. पुढच्या वर्षी नक्की.

आता अडचण अशी की मॅडमना मोबाईल हवाच आहे. त्या म्हणाल्या पट्टी चालेल, पण मोबाईलचा किमान एक रकाना ठेवा. मग 'रोज किती तास मोबाईल वापरता' हे विचारायचं का? आणि सर, सॅम्पल आणि गुणांचं राहिलंय.

मध्यक

आधी ऐकणारींना: तुमचं म्हणणं मान्य. मुलाखतीसाठी तक्ता आखायचा नसतो. पण 'कुणाशी बोलणार आणि त्यांच्याशीच का' हे आधी लिहून ठेवावं लागतं, हेही तुम्ही मान्य कराल. तेवढ्यापुरते आपण एकाच गावचे. आणि मुलांनो, मोजता न येणाऱ्या गोष्टींचा विषय घेतलात तर यांच्यासारख्या कुणाकडे बसून शिका, आपल्या मनाने 'गुणात्मक' म्हणून पाच वाक्यं टिपून आणू नका.

मोबाईलचा रकाना ठेवा की. 'किती तास वापरता' हे मात्र विचारू नका, लोक अंदाज ठोकतात. त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम दिसतो, त्यातला कालचा आकडा त्यांनीच वाचून सांगावा. स्क्रीनशॉट मागायचा नाही, त्यात कोणतं अॅप किती वेळ हेही येतं आणि ते तुमच्या कामाचं नाही. मात्र हा रकाना वर्णनापुरता. मुख्य प्रश्न झोप आणि पट्टीचाच राहील, हे मोजणी सुरू होण्याआधी लिहून मॅडमची सही घ्या. नाहीतर शेवटी पट्टीत काही निघालं नाही की तुम्ही मोबाईलकडे वळणार, तिथे काही निघालं नाही की मुलं-मुली वेगळे करून बघणार, आणि कुठेतरी काहीतरी निघणारच.

झोपेचंही तसंच. 'किती तास झोपलात' विचारलंत तर सहा, सात, आठ असे गोल आकडे येतील. दिवा केव्हा बंद केला आणि उठलात केव्हा, असं विचारा. अंथरुणावर पडणं म्हणजे झोप लागणं नव्हे, ही त्रुटी राहणारच. ती अहवालात एका वाक्यात कबूल करा आणि पुढे चला.

सॅम्पल. ते 384 कुठून येतं ते सांगतो. मोठ्या लोकसंख्येतली टक्केवारी 95 टक्के खात्रीने पाच टक्के इकडेतिकडे एवढी अचूक हवी असेल तर साधारण तेवढी माणसं लागतात. शंभर माणसांत ती चूक दहा टक्क्यांच्या घरात असते, चारशेत पाचच्या. माणसं चौपट केली की चूक निम्मी होते, हा हिशेब लक्षात ठेवा. पण हे सगळं खरं केव्हा? माणसं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तेव्हा. ग्रुपवर लिंक टाकून नव्हे. 1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी लँडन जिंकणार म्हणून जाहीर केलं. रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर पाठवणारे व न पाठवणारे एकसारखे नव्हते. तुमच्या दोनशे-तीनशे उत्तरांची गोष्ट तीच, फक्त लहान.

तुमचा नवा प्रश्न टक्केवारीचा नाहीच, म्हणून 384 ची चिंता सोडा. वीस माणसं घ्या. प्रत्येकाची सगळ्यात कमी झोपेनंतरची आणि सगळ्यात जास्त झोपेनंतरची सकाळ निवडा. त्या दोन रात्रींत किमान दीड तासाचा फरक नसेल तर तो माणूस हिशेबातून बाहेर, हेही आधीच ठरलेलं. म्हणून सुरुवातीला पंचविसेक घ्या, गळती होतेच. आता नुसतं मोजा: कमी झोपेच्या सकाळी पट्टी जास्त खाली गेली असे किती? झोपेचा काहीच संबंध नसेल तर हे नाणं उडवल्यासारखं आहे, वीसपैकी दहाच्या आसपास यायला हवेत. पंधरा किंवा जास्त जण एकाच बाजूला पडले, कोणत्याही का बाजूला असेनात, तर नुसत्या नाण्याने असं होण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास असते. चौदा आले तर तीच 11 टक्क्यांच्या वर जाते. याला साइन टेस्ट म्हणतात, हाताने होते. फरक किती मिलिसेकंदांचा हे सांगायला जोडीची टी-टेस्ट वापरा, ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये असते. एसपीएसएस लागत नाही. ही टी-टेस्ट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या गॉसेटने 1908 साली छोट्या नमुन्यांसाठीच काढली आणि टोपणनाव घेतलं 'स्टुडंट', तेव्हा तुमचा तिच्यावर पहिला हक्क.

टेस्ट लावण्याआधी आलेख काढा. कागदावर, पेन्सिलने, प्रत्येक माणसाचे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. वीस रेघा. बहुतेक खालून वर जाताहेत, की अर्ध्या वर आणि अर्ध्या खाली, की अठरा सपाट आणि दोघांच्याच सरळ आकाशाला भिडलेल्या? सरासरीत हे तिन्ही प्रकार एकसारखे दिसू शकतात. अॅन्स्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच छापले, चारही संचांची सरासरी सारखी, सहसंबंध जवळपास 0.82, आणि चित्रं मात्र चार तोंडांना चार. एका संचात तर एकाच बिंदूने सगळा सहसंबंध उभा केला होता.

गुणांचं: काही सापडलं नाही म्हणून मी कधी गुण कापलेले नाहीत, आणि तुमच्या मॅडमही कापणार नाहीत असं मला वाटतं, कारण त्या विषय लहान करायला सांगणाऱ्यांपैकी आहेत. मी कापतो ते 'फरक आढळला नाही' च्या जागी 'फरक नाही' लिहिलं की. वीस माणसांत पाच-दहा मिलिसेकंदांचा फरक तुमच्या नजरेतून निसटू शकतो. तो निसटू शकतो हे लिहा.

संमतीपत्र विसरू नका. एक पान, साध्या भाषेत: काय करायचंय, किती वेळ लागेल, कधीही मध्येच सोडता येईल, नाव कुठेही येणार नाही. कुणी अठराच्या आतलं असेल तर पालकांची सही. नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी चौघांपैकी एकाकडेच, वेगळ्या ठिकाणी. कॉलेजात नीतिविषयक समिती असेल तर तिची परवानगी आधी, आणि तिला वेळ लागतो, म्हणून उद्याच अर्ज करा.

वेळापत्रकही याच्यावरून ठरेल. मोजणीचे दोनच आठवडे आहेत, त्याच्या आधीचे तीन खरे कामाचे. त्यात पाच जणांवर तालीम घ्या, असे पाच जे पुढे नमुन्यात नसतील. तेव्हाच कळेल की एका माणसाला दहा वाचनं घ्यायला किती वेळ लागतो आणि पहिल्या तासाआधी पंचवीस जण उरकतात का. मला वाटतं नाही उरकणार, दोन पट्ट्या आणि दोन जोड्या कराव्या लागतील. मग दोन सोडणारे झाले, तर प्रत्येक सोडणाऱ्याकडे कायम तेच तेच लोक जायला हवेत.

'पद्धत' हे प्रकरण मोजणीच्या आधी लिहून काढा. भविष्यकाळात लिहा, नंतर क्रियापदं तेवढी बदला.

हजेरीक्रमांक_शेवटचा

सर, हे सगळं छापून घेतलंय. मॅडमनी तक्ता बघितला आणि पहिल्यांदाच 'हं' म्हणाल्या. तालीम आज घेतली, पाच जणांना जवळजवळ पाऊण तास लागला, म्हणजे दोन जोड्या नक्की.

दोन शंका. एक डावखुरी मुलगी आहे, तिने कोणत्या हाताने पकडायचं? आणि एक जण पट्टीकडे न बघता सोडणाऱ्याच्या बोटांकडेच बघत होता, त्याची वाचनं फारच कमी आली. हे चालेल का?

मध्यक

ज्या हाताने लिहिते त्या हाताने, आणि सगळ्या सकाळी तोच हात. तुलना तिची तिच्याशीच आहे, त्यामुळे बाकीच्यांहून वेगळा हात असला तरी बिघडत नाही.

बोटांकडे बघणारा पठ्ठ्या हुशार आहे. तो पट्टी सुटायच्या आधीची स्नायूंची हालचाल टिपतोय, म्हणजे तुम्ही भलतंच मोजताय. सोडणाऱ्याचा हात आणि पट्टीचं वरचं टोक पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाईल असं करा, समोरच्याला पट्टीचा खालचा भागच दिसला पाहिजे. आडोशासह तालीम पुन्हा घ्या, आजची पाच जणांची वाचनं वापरायची नाहीत. मीटरपट्ट्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळतील, लाकडी असतील तर दोन्ही एकाच वजनाच्या आहेत का याची काळजी करू नका, पडताना फरक पडत नाही. जाडी मात्र सारखी बघून घ्या.

रातकिडा

आणि प्रयोगशाळेच्या वहीत परतीची तारीख लिहूनच पट्ट्या उचला. मोजणीच्या मधल्या आठवड्यात प्रात्यक्षिकाला हव्यात म्हणून परत मागतात.